बाद नमुना

खुर्च्यांवर पेपर अंथरले होते. सगळ्या नाही. मागच्या दोन रांगांतल्या. आमच्या.

पुढच्या रांगा मोकळ्या. क्रीम रंगाच्या, गुबगुबीत, नव्या कोऱ्या खुर्च्या. तिथं कॉलेजातली मुलं, प्राध्यापक, पाहुणे मंडळी बसलेली. मागं आम्ही खाकीवाले, नगरमध्ये शेअर रिक्षा चालवणारे. आमच्या खुर्च्यांवर जुना पेपर पाठीपासून खालपर्यंत व्यवस्थित पसरलेला, आणि तो सरकू नये म्हणून कडेला चिकटपट्टी लावलेली. काम एकदम नीटनेटकं. माझ्या लग्नातसुद्धा माझ्यासाठी कुणी इतक्या काळजीनं काही अंथरलं नव्हतं.

मी दारातच थबकले. माझ्या मागं बबनमामा होते. आमच्या स्टँडवरचे सगळ्यात जुने रिक्षावाले. त्यांनी पेपर बघितला, मान खाली घातली आणि गुमान जाऊन बसले. मी उभीच. मग वैशाली मॅडम लगबगीनं आली. ही रस्त्यावरची हवा मोजायला आलेल्या संस्थेतली बाई, माझ्याच वयाची. आमचं रक्त काढणारी, कॉलरला यंत्र लावणारी हीच.

"मॅडम, ह्ये काय?" मी विचारलं.

ती माझ्या कानाशी वाकली. "ताई, हॉल नवीन आहे. कपड्यांची काजळी खुर्च्यांना लागते. सरांनीच सांगितलंय. प्लीज, वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका. म्हणजे आधी थोबाडीत मारायची आणि वर सांगायचं, गाल लाल करू नका.

आदल्या दिवशी मी तो खाकी शर्ट साबण लावून घासला होता. इस्त्री केली होती. ठेवणीतली ओढणी काढली होती. केसाला तेल, कपाळाला टिकली. एखाद्या कार्यक्रमाला जावं तशी आले होते. तरी पेपर. म्हणजे कपडा मळका म्हणून नव्हता तो पेपर. कपड्याच्या आतल्या माणसासाठी होता.

पण बसले. खोटं कशाला सांगू, बसले. कारण मला आकडा हवा होता. आमच्या रक्तात काय सापडलं ते त्या दिवशी सांगणार होते, आणि त्या एका आकड्यासाठी मी काट्यावरसुद्धा बसले असते. खाली पेपर कुरकुरला. जरा हललं की कुरकुरायचा आणि पुढची एखादी मुलगी वळून बघायची. मग मी हललेच नाही.

एवढ्याशा पेपरचं काय घेऊन बसली, असं वाटेल कुणाला. म्हणून मागचं सांगते.

रिक्षा आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. माळीवाडा ते एमआयडीसी. त्या रस्त्यावर त्यांनी अख्खी जवानी घातली. पुढं ट्रक, मागं ट्रक, बाजूला एसटी, मधे आमचं तीन चाकांचं खेळणं. चौकात गाड्या थांबल्या की ब्रेकचा जळका वास थेट घशात उतरायचा. सुरुवातीला खोकला यायचा. मग खोकला मुक्कामालाच आला. मग हात थरथरायला लागले, चहाची बशी तोंडापर्यंत जाताना सांडायची. डॉक्टर म्हणाले, धुळीचा त्रास आहे, हा धंदा सोडा. सांगायला काय जातं. धंदा सोडून खायचं काय ते कुठल्या गोळीवर लिहिलेलं नव्हतं.

शेवटी धंद्यानंच त्यांना सोडलं. एका दुपारी रिक्षा दारात लावली, पायरीवर बसले, ते बसलेच. धाप लागून बोलता येईना. त्यावेळी राणू माझ्या पोटात होती.

राणू झाली, जरा बाळसं धरलं तिनं, आणि मी रिक्षाची किल्ली हातात घेतली. केडगावच्या मोकळ्या मैदानात हे शेजारी बसून शिकवायचे. एक वाक्य बोलायचे आणि दम खायचे. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्या राणूला कडेवर घेऊन मैदानाच्या कडेला उभ्या राहायच्या. म्हणायच्या, "आगं, बाईच्या जातीनं काय रिक्षा चालवायची आसती व्हय?" आणि पुढं लगेच, "वळीव की, उजवीकडं वळीव!" शेवगावला माझे वडील बाजार समितीत हमाली करायचे. पाठीवर पोतं आणि तोंडात हसू. मी त्यांचीच. शिकले.

स्टँडवर आधी सगळे हसले. मग माझ्या नंबराला मुद्दाम कुणी आडवं यायचं. बबनमामा एकदा सगळ्यांना म्हणाले, "तिचा नवरा तुमच्यासंगंच बसत हुता ना? मग वाट द्या पोरीला." तेव्हापासून वाट मिळाली. तो माणूस भला. म्हणून तर त्याची खाली गेलेली मान मला अजून टोचते.

संध्याकाळी घरी आले की नाक शिंकरायचे. रुमाल काळा. तोंड धुतलं की पाणी काळं. राणू मात्र हात पसरून यायची, तिला काळं-पांढरं काय कळतंय? दिवसभराची भुकेली. मी त्याच खाकी शर्टाची बटणं काढून तिला जवळ घ्यायची. आत्या ओरडायच्या, "आंघूळ तरी कर आधी!" पण छाती भरून आलेली असायची, दुखायची, आणि पोर रडत असायची. आंघोळ कुठली सुचते.

अशातच ती पांढरी गाडी स्टँडवर आली. बाहेरच्या मोठ्या शहरातली संस्था. मोठे सर उतरले. गोरेपान, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी आम्हाला झाडाखाली गोळा केलं आणि सांगितलं, रस्त्यावरच्या हवेत धातू असतात. शिसं, तांबं, जस्त, लोखंड. ब्रेक घासतो, टायर झिजतो, धूर निघतो, रस्त्यावरची धूळ उडते, त्यातून हे बारीक कण तुमच्या श्वासात जातात. ते किती जातात, हे आम्हाला मोजायचंय.

धातू! मी धूळ समजत होते. धूळ काय, झटकली की गेली. शनी शिंगणापूर आमच्या जिल्ह्यातलं. इकडं शनिवारी माणूस लोखंडाचा खिळा विकत घेत नाही, घरात आणत नाही. आणि माझ्या छातीत ते रोज येत होतं, वार न बघता. मला आधी मालक आठवले, पायरीवर बसलेले. मग राणू आठवली. आणि माझा हात आपोआप छातीवर गेला.

वैशाली मॅडम रक्त घेत होती. मी विचारलं, कुठून आलात? म्हणाली, "मी सोनईची हाय ताई. आपल्याच भागातली." किती बरं वाटलं मला. माहेरचं कुणी भेटावं तसं. म्हणून मी तिच्याजवळ तोंड उघडलं.

"मॅडम, ह्ये समदं दुधात उतरतं का वो? माझं लेकरू पितंय आजून."

तिचा हात थांबला. "शिसं उतरू शकतं, आसं म्हनत्यात. पन किती, ते तपासल्याबिगर न्हाई सांगता यायचं. तुमचं रक्त घेतो ना आपुन. मग कळंल."

मग कळंल. त्या दोन शब्दांवर मी दंडाला पट्टी बांधून घेतली. ती म्हणाली, मूठ आवळा. मी आवळली. बाटलीत रक्त चढताना मी बघत होते आणि मनात म्हणत होते, बाई, बोल, काय असेल ते बोल.

मग यंत्र. कमरेला पट्टा, पट्ट्याला डबीएवढा पंप, त्यातून एक नळी पाठीवरून खांद्यावर, आणि कॉलरला एक गोल टिकली. टिकलीत पांढरा शुभ्र कागद. तुम्ही श्वास घेता तसं हे पण घेतं, मॅडमनं समजावलं. दिवसभर असंच राहू द्या. आणि शेवटी म्हणाली, "लई जपा ताई. तुमच्या रिक्षापरीस महाग हाय ह्ये."

झालं. मी जपलं.

आता ऐका कसं जपलं ते. रस्त्यावर निघालेली आमच्याकडची कुठलीही बाई आधी ओढणी तोंडाला गुंडाळते. डोळे तेवढे उघडे. मीही गुंडाळायची, ओली करून. त्या दिवशी ती नळी आणि टिकली ओढणीच्या वर ठेवली होती, मॅडमनं लावली तशी. पहिल्याच फेरीला एक म्हातारबाबा म्हणाले, "बाय, आमचं बोलनं भरून घेती का काय त्यात?" एक पोरगी मला मोठा आजार आहे असं समजून चौकातच उतरली. एक बाई लेकराला माझ्यापासून लांब धरून बसली. मला कानकोंडं झालं. आणि त्यात पुढं वाळूचा ट्रक, सगळी माती अंगावर. एवढं महागाचं यंत्र, त्यात माती गेली तर? भरून कुठून द्यायचं? मी रिक्षा कडेला घेतली, ओढणी दोनदा दुमडली आणि यंत्रावरून घट्ट गुंडाळली. दिवसभर. मधे मधे हात लावून बघायची, नीट झाकलंय ना.

धूळ मोजायचं यंत्र मी धुळीपासून सांभाळलं. हसा. मलाही आता हसू येतं, पण ते कडू लागतं.

कुणी सांगितलं होतं मला, झाकू नका म्हणून? महाग आहे हे सांगितलं. जपा हे सांगितलं. आम्हाला महाग वस्तू जपायची एकच रीत ठाऊक आहे. झाकून ठेवायची.

संध्याकाळी मॅडमनं चिमट्यानं तो कागद काढला, डबीत घातला. क्षणभर कागदाकडे बघितलं. इतरांचे कागद मी बघितले, काळेकुट्ट. त्या काळ्या कागदांना ती इतक्या हळुवारपणे हाताळत होती की मला वाटलं, तान्ह्या लेकराला कपडे घालतेय.

त्यानंतर वाट बघणं आलं. राणूला जवळ घेतलं की एकच विचार. पाजू का नको? पाजलं तर काय पाजतेय? नाही पाजलं तर काय देऊ? एकदा मी तिला ढकललं. म्हणजे अगदी हातानं लांब केलं. ती रडली, मी भिंतीकडे तोंड करून बसले. आत्यांना सांगितलं सगळं. त्या माझ्यावरच भडकल्या. "आईचं दूध कधी ईख आसतंय का गं? कुनाचं बी ऐकती व्हय तू?" मालक स्वतःच्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत राहिले.

विकतच्या दुधात पाणी मिसळून वाटीनं द्यायला बघितलं. पोरगी थुंकायची. मग पुन्हा पाजायची, मग पुन्हा भीती. मी वैशाली मॅडमला फोन करायचे. आकडा आला का? येईल ताई. आला का? येईल. पुढं पुढं ती फोन उचलेनाशी झाली. आणि मग एक दिवस तिचाच फोन, कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, निकाल सांगणार आहेत, सगळे या. रिक्षा बंद ठेवून मी गेले. आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. पेपर.

दिवे मालवले. पडद्यावर आमचा रस्ता आला. माळीवाड्याचा चौक, ट्रक, धूर, गर्दी. आम्ही रोज मरतो ती जागा पडद्यावर फार देखणी दिसत होती. सर बोलत होते. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. मग पडद्यावर गोल कागद आले, ओळीनं. मोठे केलेले, बशीएवढे. काळा, काळा, करडा, काळा. लोक माना डोलवत होते. पुढच्या रांगेतला एक पाहुणा म्हणाला, "वा!"

वा! माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा काहीतरी ठिणगी पडल्यासारखं झालं. हीच काजळी ना? हीच. आमच्या श्वासातली. तिला काचेत ठेवली, पडद्यावर झळकवली, तिच्यासाठी लांबून गाडी करून आले. आणि तीच काजळी माझ्या शर्टावर असेल या नुसत्या भीतीनं खुर्चीला पेपर लावला. काजळीला मान होता. मला नव्हता.

मग पडद्यावर शेवटचा कागद आला. जवळजवळ पांढरा.

सर हसले. "हा एक गमतीशीर नमुना. आमच्या एका ताईंचा. यंत्राला दिवसभर घरी विश्रांती दिली असावी त्यांनी. बाईमाणूस आहे, सावलीत बसल्या असतील."

हॉल हसला. पुढचे हसले म्हणून मागच्या रांगेतलेही दोघंतिघं हसले. त्यांना वाटलं, इथं हसायचं असतं.

"अर्थात, असा नमुना ठेवता येत नाही. आम्ही तो बाद केलाय," सर म्हणाले, आणि पडदा पुढं सरकला.

माझ्या कानशिलात आग लागली. मी सावलीत बसले होते? त्या दिवशी मी उन्हात भाजले. छातीतलं दूध गळून ओढणी भिजली होती, ती तशीच आवळून धरली होती, यांचं यंत्र जपायला. मी उभी राहिले. पेपर फाटल्याचा आवाज झाला.

"सर, मी घरी न्हवते. ओढणी गुंडाळली हुती त्यावर. धूळ बसू नये म्हनून."

पुन्हा हसू. या वेळी जास्त मोठं. एक प्राध्यापक बाई तोंडावर हात ठेवून हसली.

सरांनी हात वर करून हॉल शांत केला. मोठ्या मनानं. "असू दे ताई. चूक होते. बसा."

"माझ्या रक्तात किती हाय ते सांगा. मग बसते."

"ते तुम्हाला कळणार नाही. आणि तुमचा नमुना बाद आहे, सांगितलं ना."

"कागद बाद. रक्तबी बाद का?"

कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता सांगतील. मी लाज सोडली. एवढ्या परक्या माणसांत, बाप्या माणसांत मी बोलले, "मी लेकराला पाजते, सर. पाजू का नको, तेवढंच सांगा."

सरांनी घड्याळ बघितलं. "हे वैयक्तिक प्रश्न आपण नंतर घेऊ. पाहुणे खोळंबलेत." मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "आता आपल्या चालक बांधवांचा छोटासा सत्कार. ताई, तुम्ही पहिल्या या. महिला चालक आहात. फोटोत तुम्ही मधोमध हव्यात."

एक मुलगी ताट घेऊन उभी होती. ताटात गुलाबाची फुलं आणि कापडी मास्क.

मोजायला मी नको. फोटोला मी हवी. रक्त बाद, तोंड चालेल.

मी पुढं गेले नाही. खाली वाकले आणि माझ्या खुर्चीवरचा पेपर ओढला. चिकटपट्टी करकरत निघाली. त्या शांत हॉलमध्ये तो आवाज फार मोठा झाला. अर्धा फाटका पेपर घडी करून मी शेजारच्या खुर्चीवर ठेवला, आणि त्या क्रीम रंगाच्या गुबगुबीत खुर्चीवर बसले. पाठ टेकून. हात बाजूला ठेवून. फोटोवाला माझ्याकडे बघत राहिला. सर म्हणाले, "ताई, या ना." मी म्हटलं, "न्हाई." त्यांनी पुन्हा बोलावलं. मी पुन्हा म्हटलं, "न्हाई."

आयुष्यात कुणाला मोठ्या आवाजात नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. उठले नाही. बबनमामांनी फूल घेतलं, मास्क घेतला, फोटोत उभे राहिले, आणि माझ्याकडे न बघता परत येऊन पेपरवर बसले.

कार्यक्रम संपल्यावर वैशाली मॅडमला मी जिन्यात गाठलं. आता सर जवळ नव्हते, तिची भाषा पुन्हा सोनईची झाली.

"माझा आकडा द्या. नंतर म्हनले ना सर? आता नंतर झालं."

ती भिंतीला टेकली. तिचे डोळे भरले होते. "ताई, तुमचा कागद बाद झाला, मंग तुमचं रक्त तपासायला धाडलंच न्हाई. बाद नमुने ठेवत न्हाईत. टाकून देत्यात."

"माझं रक्त फेकलं?"

"माझ्या हातात न्हाई वो ताई काई. माझीबी नोकरी हाय."

तिच्यावर ओरडावं वाटलं. पेपर तिनंच अंथरले होते, चिकटपट्टी तिनंच लावली होती. आपल्याच भागातली. रडत होती, ते खरं असेल. पण तिच्या रडण्यानं माझ्या लेकराच्या वाटीत काही पडत नव्हतं.

म्हणजे इतके दिवस मी ज्या आकड्याची वाट बघत होते तो कुठंच नव्हता. मी झुरत होते, पोरीला छातीपासून तोडत होते, पुन्हा लावत होते, आणि माझं रक्त केव्हाच कुठल्या तरी मोरीतून वाहून गेलं होतं. मी जिन्यावर बसले. माझा हुंदका सगळ्या जिन्यात घुमला. खाली उतरणारे लोक माझ्या बाजूनं अंग चोरून गेले.

मग मी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, असली तपासणी आमच्याकडे होत नाही. दुसरे म्हणाले, पाजत राहा, काही होत नाही. मान वर न करता म्हणाले. मी विचारलं, बघून सांगता का न बघता? त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. एका ठिकाणी म्हणाले, बाहेर पाठवावं लागेल, तुम्हाला झेपणार नाही. मला काय झेपतं हे सगळ्यांना माझ्याआधी ठाऊक असतं.

रिक्षा सोडू शकत नाही. मालक पायरीवर आहेत, आत्या थकल्यात. राणूला सोडू शकत नाही. या दोन्हीच्या मधे मी आहे, आणि माझ्या आत काय आहे ते मला माहीत नाही. ही भीती आधी नव्हती. यांनी आणून दिली. भीती देऊन गेले आणि उत्तर फेकून दिलं. याला मी अभ्यास म्हणू का?

पावसाळा सरला आणि ती पांढरी गाडी पुन्हा स्टँडवर आली. दुसरी फेरी. मोजमाप पुन्हा करायचं होतं. सर गाडीतच बसून होते, काच वर. वैशाली मॅडम पट्टा आणि नळी घेऊन माझ्याकडे आली. "ताई, या टायमाला ओढनी काढून ठिवा हं."

मी रिक्षातून उतरले आणि सरळ गाडीशी गेले. काच वाजवली. सरांनी ती निम्मी खाली केली.

"माझा आकडा मला सांगनार का?"

"तसा नियम नाही ताई. आणि हे सगळं तुमच्यासारख्यांच्या भल्यासाठीच चाललंय."

"मंग माझं भलं मला कळू द्या की."

"तुम्ही एकट्यानं नाही म्हटलं तर अभ्यास थांबत नाही," ते म्हणाले. शांतपणे. खरंच होतं ते.

मी मागं बघितलं. बबनमामांच्या कमरेला पट्टा बांधून झाला होता. त्यांनी काचेकडे बघून बारीक आवाजात विचारलं, "साहेब, आमाला सांगनार न्हाई व्हय?" सरांनी मान हलवली. मामांनी कमरेचा पट्टा चाचपला. मग स्वतःच कॉलर पुढं केली. मला म्हणाले, "पोरी, मला आता कळून तरी काय करायचंय." आणि खोकायला लागले. कुणीच पट्टा सोडला नाही. एकानंही नाही. मी एकटीच मोकळ्या कॉलरची उभी होते.

वैशाली मॅडमच्या हातात माझ्या वाटचा पट्टा लोंबत होता. मी तिला म्हटलं, "ह्यो घिऊन जा. बाद समजा मला." आणि रिक्षा सुरू केली.

आज संध्याकाळीही मी घरी जाईन. दारातच शर्ट काढीन, अंग घासून आंघोळ करीन आणि राणूला जवळ घेईन. ती पिईल. मला भीती वाटेल. कुणी माझी पाठ थोपटून मला सांगणार नाही की घाबरू नकोस, आणि सांगितलं तरी न बघता सांगितलेलं मी आता मानणार नाही.

पण एक ठरलं. माझ्या अंगातलं काहीही, रक्त असो, नख असो, शर्टावरची काजळी असो, ज्याला न्यायचं असेल त्यानं आधी माझ्या रिक्षात येऊन बसायचं. माझ्या सीटवर, पेपर न अंथरता. माझ्याकडे बघून शब्द द्यायचा की तुझं रक्त तपासेन, आणि जे निघेल ते तुलाच आधी सांगेन, लेकराला पाज का पाजू नकोस ते सांगेन. तोवर माझ्याकडून एक थेंब मिळणार नाही.